माग

पुस्तकात दीड पान आहे.
प्रसारमाध्यमे, लोकशाहीचा चौथा स्तंभ,
चार गुणांना.
एप्रिल, नववी ब, सहावा तास.
पंखा फिरतो, वारा मात्र फळ्याच्या अलीकडेच दमतो.

मी घरून चादर आणली होती, उदाहरणाला.
म्हटलं, बातमी अशी उलटून पाहायची.
मागची बाजू खोटं बोलत नाही.

मधुलता येमूल उभी राहिली. तिचे नाना मागावर असतात.
"बाई, ही उलटून काय दिसणार?
इकडून पांढऱ्यावर लाल मोर,
तिकडून लालावर पांढरा.
दोन्हीकडून खराच वाटतो."
मग काय पाहायचं गं?
"दशा. धागा कुठं तुटला, कुठं गाठ मारली.
नाना बोटानं चाचपतात. डोळ्याचं काम नाही ते."
वर्ग हसला.
मीही हसले, जरा उशिरा.

मागच्या बाकावरून श्रीशैल म्हणाला,
"आमची अम्मा सोमवारी जाऊन आली."
कुठं?
"विडी कामगारांना पाच हजार, कार्ड घेऊन या,
असं मोबाइलवर आलेलं. खाली सिंहाचा शिक्का.
सकाळी सातपासून कचेरीच्या दारात उभारली.
दुपारी शिपाई म्हणाला, असलं काही नाही, घरी जावा.
हजार विडी बुडाली त्या दिवसाची.
पानं भिजवून ठेवलेली, ती काळी पडली."

आता कुणी हसलं नाही.
मी म्हटलं, माग काढू या.
आणि या गावात त्या शब्दाचे दोन्ही अर्थ
एकाच खोलीत राहतात, एकाच बिलावर.

शाळेत फोन चालत नाहीत, म्हणून वहीत लिहायचं ठरलं.
ज्यानं त्यानं घरी विचारायचं : तुला कुणी पाठवलं?
न भांडता.
(हे मी दोनदा सांगितलं.)

गुरुवारी फळा भरला.
अम्माला शाहिस्ताच्या खालानं,
खालाला तिच्या रिक्षावाल्या भाच्यानं,
भाच्याला दूधवाल्या बिराजदारांनी,
बिराजदारांना त्यांच्या घरच्यांनी, त्या बचत गटात,
बचत गटाला...
मल्लिनाथ बिराजदार थांबला. कागदाची घडी घातली, परत उघडली.
"बाई, आईच्या फोनमध्ये नाव असं आहे :
हंचाटे बाई, शाळा."

रविवारी रात्री, भाकऱ्या झाल्यावर,
पीठ लागलेल्या अंगठ्यानं.
कुणाचं तरी भलं होईल असं वाटलं होतं, हे खरं.
खालपर्यंत वाचलं नव्हतं, हेही.
शिक्का दिसला, तेवढा पुरला.

माझं नाव मीच लिहिलं फळ्यावर.
अक्षर माझं एरवी बरं आहे.
त्याच्या वर : बहीण, होटगी रोड.
तिच्या वर एक नंबर, ना नाव ना फोटो,
लावला तर बंद.
मधुलता म्हणाली, "इथनं पुढं कापलंय, बाई."
घंटा झाली. फळा कुणी पुसला नाही.
शुक्रवारी भूगोलाचे सर तसेच बाजूला शिकवून गेले.

शनिवारी विडी घरकुलात गेले.
अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
पान, जर्दा, दोरा, पान, जर्दा, दोरा.
म्हटलं, ते मी पाठवलं होतं.
हात थांबले नाहीत.
"तुमी पण उभारलाव का, उन्हात?"
नाही.
"मग बसा की."
आणि चार दिवसांनी आलेल्या पाण्यातलं
तांब्याभर माझ्यापुढं ठेवलं.

एवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला.
उद्या पहाटे चारला पाणी, सर्वांना कळवा.
मी मोठ्यानं वाचलं.
कात्री पानावर धरून तिनं वर पाहिलं,
"खरं हाय?"

चपला घालत म्हटलं,
चावीवाल्याला विचारून येते.